केळीचा सर्व्हे एक्सेलमधून आरमध्ये नेला की गट नंबर, गावं, रास सगळंच बिघडतं. काय करू?

यावलची_ताई

नमस्कार मंडळी. प्रश्न सांख्यिकीचा नाही. त्याच्या आधीच्याच पायरीवर अडकले आहे.

पीएच.डी.साठी रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांतल्या केळी उत्पादकांचा सर्व्हे केला. मृगबाग की कांदेबाग (लागवडीचा हंगाम), नवती की पिलबाग (नवी लागवड की पिलांवरची), टिश्यूकल्चर रोपं की कंद, क्षेत्र किती, खोडं किती, रास (घडाचं वजन) किती पडली, भाव काय मिळाला, असा चार पानी फॉर्म. फॉर्म कागदावर, मराठीत. मग एम.ए.च्या मुलामुलींनी तालुकावार तीन एक्सेल फायली केल्या. एंट्री डिसेंबरात सुरू झाली ती जानेवारीत संपली.

आता या फायली रीडएक्सएल पॅकेजने आर या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या, तर काय होतंय बघा.

कागदावर गट नंबर १२/३ आहे. एक्सेलमध्ये तिथे १२-मार्च दिसतं, आणि आरमध्ये ४५३६३. त्याच गटात त्या शेतकऱ्याच्या भावाचाही हिस्सा आहे, त्याच्या फॉर्मवरही १२/३ च आहे, पण आरमध्ये त्याचं ४५७२८ झालंय. फॉर्म नंबरचंही तेच. आम्ही गणकाचा नंबर आणि फॉर्मचा नंबर मध्ये तिरकी रेघ देऊन लिहिला होता, ५/६२ म्हणजे पाचव्या गणकाचा बासष्टावा फॉर्म. त्याचं २२७६७ झालं. या नंबरावरच शेतकऱ्याची फाईल आणि बाजारभावाची फाईल जोडायची होती, ती जुळतच नाही.

गावाचं नाव पहिल्या ओळीत आहे, खाली सगळीकडे एनए, म्हणजे रिकामं. रासचा रकाना मजकूर म्हणून येतो. त्याचे आकडे करायला गेले की बरेचसे एनए होतात. वैतागून एक्सेलमधूनच सीएसव्ही (साधी मजकूर फाईल) सेव्ह केली, तर शेतकऱ्यांच्या मराठी उत्तरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. चोपड्याच्या फाईलमध्ये तर गावांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ आहे. रावेर-यावलच्या फायलींत तसं नाही.

वर आमच्या मार्गदर्शकांना आऊटपुट एसपीएसएस या दुसऱ्या सांख्यिकी सॉफ्टवेअरचंच हवं. विभागाच्या लॅबमध्ये रावेरची फाईल थेट एसपीएसएसमध्ये उघडली, तर रास छान आकड्यांत आली, एररही नाही. पण सरासरी काढली तेव्हा खाली शेतकऱ्यांची संख्या कमी दिसली.

सगळं परत टाइप करायचं म्हटलं तर सेमिनारच्या आत होणार नाही. काही मार्ग आहे का?

भुसावळ_जंक्शन

ताई, एक्सेलमध्ये सेव्ह अ‍ॅज करताना नुसती सीएसव्ही निवडू नका. यादीत सीएसव्ही यूटीएफ-८ असा वेगळा पर्याय असतो, तो घ्या. प्रश्नचिन्हं जातील. बाकीचं मला माहीत नाही, पण माझं तरी कायम सीएसव्हीवर भागतं.

जळगावचा_नाना

ताई, परत टाइप करू नका. पण कागद जपून ठेवा, लागतील.

मी जळगावला लोकांच्या सर्व्हेचा डेटा साफ करून देतो, हाच माझा धंदा. त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा. मोबाइलवरून लिहितोय, म्हणून कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देतो.

मूळ भानगड अशी आहे. एक्सेलच्या प्रत्येक खान्यात एक गोष्ट आत साठवलेली असते आणि एक वर दिसते. एक्सेलची फाईल थेट वाचली की आरला आतलं मिळतं. सीएसव्ही केली की फाईलमध्ये फक्त वर दिसणारं उतरतं आणि आतलं कायमचं सुटतं. दोन्ही रस्ते वापरता येतात, फक्त आपण कोणता माल नेतोय हे ठाऊक पाहिजे. भुसावळवाल्या भाऊंनी सांगितलेलं यूटीएफ-८ बरोबर आहे, त्याने मराठी वाचेल. पण समजा रास आत २२.४६ आहे आणि कोणीतरी दिसायला बरं म्हणून एकच दशांश ठेवलाय, तर सीएसव्हीत २२.५ जाणार. बारा आकडी आधार नंबर असला, आणि तो दिसताना ई लावून दिसत असला, तर सीएसव्हीत तो ई-वालाच जातो, मधले आकडे गेले. म्हणून मी मूळ एक्सेल फाईलच थेट वाचतो.

आता तुमचे आकडे. तुम्ही १२/३ टाइप केलं की एक्सेलला ती तारीख वाटते. साल तुम्ही दिलेलं नसतं, मग ते एंट्रीच्या दिवशी चालू असलेलं साल स्वतःहून चिकटवतं. आणि एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस. १२ मार्च २०२४ म्हणजे ४५३६३. १२ मार्च २०२५ म्हणजे ४५७२८. एका भावाचा फॉर्म डिसेंबरात चढला, दुसऱ्याचा जानेवारीत, एवढाच त्या दोघांत फरक. वजाबाकी करून बघा, बरोबर ३६५ येतात.

उलटं फिरवायला आरमध्ये अ‍ॅज डॉट डेट वापरा आणि ओरिजिन म्हणून ३० डिसेंबर १८९९ द्या. ३१ डिसेंबर का नाही, असं विचाराल. लोटस १-२-३ नावाचं जुनं सॉफ्टवेअर १९०० ला लीप वर्ष धरायचं, म्हणजे अस्तित्वात नसलेली २९ फेब्रुवारी मोजायचं. त्याच्या फायली आपल्यात चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जशीच्या तशी घेतली, आणि आपण सगळे आजतागायत एक दिवस मागे सरकून मोजतोय. तारीख मिळाली की फॉरमॅट फंक्शनने तिच्यातून दिवस आणि महिना काढून मध्ये रेघ टाका, १२/३ परत येईल. महिना शून्य लावून ०३ असा येतो, ते शून्य काढा.

पण ५/६२ ला ही युक्ती लावाल तर फसाल. बासष्ट ना दिवस होऊ शकतो ना महिना, म्हणून एक्सेलने त्याला साल केलं: मे १९६२, पहिली तारीख. २२७६७ म्हणजे १ मे १९६२. त्यातून दिवस-महिना काढला तर १/५ येईल, म्हणजे पहिल्या गणकाचा पाचवा फॉर्म! आणि तो फॉर्म फाईलमध्ये असणारच. दोन माणसं एका नंबरावर बसतील आणि आर हू की चू करणार नाही. म्हणून आधी साल बघा. साल २०२४ किंवा २०२५ सोडून दुसरं असेल आणि दिवस १ असेल, तर तिथे महिना आणि सालाचे शेवटचे दोन आकडे घ्यायचे.

हा रोग काही आपल्या सातबाऱ्यापुरता नाही. मार्च १, सेप्ट १ अशा नावांची जनुकं आहेत, त्यांच्याही तारखा व्हायच्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने त्या जनुकांची नावंच बदलली. एक्सेल बदलण्यापेक्षा माणसाचं जनुक बदलणं सोपं पडलं! आपल्याला गट नंबर बदलायला कोणी देणार नाही, तेव्हा पुढच्या वेळी एंट्री सुरू व्हायच्या आधी तो रकाना टेक्स्ट करून ठेवा. नंतर टेक्स्ट करून काही होत नाही, तिथे ४५३६३ च लिहून येतं.

रासच्या रकान्याकडे या. रीडएक्सएलला सांगा की सगळे रकाने मजकूर म्हणूनच वाच. कोल टाइप्सला टेक्स्ट द्या. एरवी ते पहिल्या हजार ओळी बघून अंदाज बांधतं, आणि अंदाजाबाहेरचं जे येईल ते एनए. आपण सगळं मजकूर म्हणून आत घ्यायचं आणि काय काय आलंय ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. युनिक फंक्शन चालवा. पैज लावून सांगतो, २२.५ च्या शेजारी "२२ किलो" असेल, "२०-२५" असेल, "निरंक" असेल, आडवी रेघ असेल, आणि काही आकडे देवनागरीत असतील, कारण पोरं मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून भरतात. देवनागरी आकडा आरला आकडा वाटतच नाही. सीएचएआरटीआर नावाचं फंक्शन आहे, त्याला देवनागरी शून्य ते नऊ आणि इंग्रजी शून्य ते नऊ अशा दोन माळा द्या, एका फटक्यात बदलतं.

पार्स नंबर वापरा असं कोणी सांगेल. ते "२२ किलो"मधून २२ काढतं हे खरं, पण "२०-२५"मधून गुपचूप २० काढतं. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पॅकेजने नाही.

गावांच्या नावांचं सोपं आहे. पोरांनी खाने मर्ज केलेत. मर्ज केलेल्या खान्यांत मजकूर फक्त पहिल्या खान्यात असतो, खालचे रिकामे. टायडीआर पॅकेजच्या फिल फंक्शनने तो खाली ओढा. पण फक्त गावाचा रकाना ओढा, हात फिरेल तिथे सगळे नाही. एखाद्याने भाव सांगितला नसेल तर त्याला शेजाऱ्याचा भाव लागेल.

राहिलं मराठी. यात दोन वेगळे प्रकार आहेत, लोक गल्लत करतात. प्रश्नचिन्हं आली म्हणजे ती अक्षरं त्या फाईलमधून गेली, परत मूळ एक्सेलकडेच जावं लागेल. पण सीएसव्ही डबल-क्लिक करून उघडल्यावर डोक्यावर टिंबं-टोप्या असलेली चित्रविचित्र रोमन अक्षरं दिसली, तर फाईल शाबूत आहे, एक्सेल ती चुकीच्या पद्धतीने वाचतंय. तेव्हा सेव्हचं बटण दाबू नका. डेटा मेनूतून टेक्स्ट-सीएसव्हीने आत घ्या आणि फाईल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा. आर जुनं असेल तर तेही बदला, विंडोजवर ४.२ पासून पुढे मराठी नीट चालतं.

चोपड्याची फाईल कोणत्या फाँटमध्ये आहे? रावेर एखाद्या ओळीत असेल तर तिथे आरमध्ये काय दिसतं ते सांगा. आणि तिन्ही फायली कोणाच्या लॅपटॉपवर भरल्या, तिथलं कंट्रोल पॅनलमधलं रिजन काय आहे, तेही.

यावलची_ताई

नाना, खूप आभार. युनिक चालवलं. तुम्ही सांगितलं ते सगळंच निघालं, वर "साधारण वीस" आणि "मागच्या वर्षीइतकीच" हेही निघालं.

चोपड्याच्या फाईलमध्ये रावेरच्या जागी जे, के, ओ, एस, जे अशी पाच इंग्रजी अक्षरं आहेत. एक्सेलमध्ये मात्र रावेरच दिसतं. फाँट कृतीदेव.

लॅपटॉप दोन होते. यावल आणि चोपड्याची फाईल एकावर, तिथे रिजन इंडिया आहे. रावेरची फाईल दुसऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर, तिथे युनायटेड स्टेट्स. याने फरक पडतो का? रावेरच्या फाईलमध्ये ४५६२९ बऱ्याचदा आलंय.

जळगावचा_नाना

पडतो, आणि हाच खरा घात आहे.

४५६२९ म्हणजे ३ डिसेंबर २०२४. इंडिया सेटिंगच्या लॅपटॉपवर हा आकडा ३/१२ टाइप केल्यावर येतो. अमेरिकन सेटिंगमध्ये महिना आधी, म्हणून तिथे १२/३ टाइप केल्यावर हाच आकडा येतो. म्हणजे आर मध्ये दोन्हीकडे ४५६२९, पण यावलच्या फाईलमध्ये तो गट नंबर तीन, हिस्सा बारा, आणि रावेरच्या फाईलमध्ये गट नंबर बारा, हिस्सा तीन. तिन्ही फायली आधी एकत्र जोडून मग साफ करायला बसलात तर कोणता कुठला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आधी प्रत्येक फाईल स्वतंत्र साफ करा. रावेरसाठी महिना आधी, दिवस नंतर. यावल-चोपड्यासाठी दिवस आधी.

आणि मुलांना विचारून घ्या की कोणी कोणाची फाईल आपल्या लॅपटॉपवर नेऊन भरली होती का. नेली असेल तर त्या ओळींचे कागद काढून पडताळा. अशा वेळी दुसरा इलाज नाही. गट नंबर पहिल्या पानावरच असणार तुमच्या, फार वेळ जाणार नाही.

कृतीदेवचं सांगतो. तिथे आत खरोखरच जे-के-ओ-एस-जे साठवलंय. कृतीदेव जे अक्षराला र चं चित्र दाखवतो, के ला काना, ओ ला व, एस ला मात्रा. फाँट म्हणजे नुसता मुखवटा. आरला मुखवटा दिसत नाही. शिवाजी, श्रीलिपीच्या जुन्या फाँटांचंही असंच. कृतीदेवचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण पूर्ण फाईल त्यात ओतू नका. त्या रकान्यातली फक्त वेगवेगळी नावं काढा, गावं ती किती असणार, आणि हाताने शेजारी युनिकोड नाव लिहून एक छोटी यादी करा. मग त्या यादीवरून जोडा. त्यातच "फैजपूर", "फैजपुर" आणि मागे स्पेस लागलेलं "फैजपूर " ही तिन्ही एका जागी आणता येतील. आरला ती तीन गावं वाटतात.

आणखी एक विचारायचं राहिलं. फायलींत कुठे खाने पिवळे-हिरवे केलेत का?

यावलची_ताई

हो. ज्यांच्याकडे दुसऱ्यांदा जावं लागलं त्यांच्या ओळी पिवळ्या आहेत.

जळगावचा_नाना

रंग आरमध्ये येणार नाही, एसपीएसएसमध्येही नाही. एक्सेलमध्ये फिल्टर लावा, रंगानुसार गाळा, नवीन रकाना करून पिवळ्यांपुढे १ लिहा, बाकीच्यांपुढे ०. पण हे मूळ फाईलच्या प्रतीवर करा. मूळ फायली वेगळ्या फोल्डरात टाकून रीड-ओन्ली करून ठेवा.

धुळ्याचे_आबा

ताई, बठ्ठं वाचं. नानानं सांगं ते खरं शे, पन एक गोट ऱ्हाई गई.

आता नीट लिहितो, माझी सगळी नोकरी तलाठ्याची झाली. नाना गट नंबरात रमले, पण तुमच्या क्षेत्राच्या रकान्याला कोणी हातच लावला नाही. तिथे एकही एनए आलं नसेल, सगळे स्वच्छ आकडे असतील, म्हणूनच सांगतो.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं (हा आर जमिनीच्या मापाचा, तुमचं सॉफ्टवेअर नव्हे). शंभर आरचा एक हेक्टर, म्हणून तिथे २.२० म्हणजे खरोखर दोन पूर्णांक दोन दशांश हेक्टर. पण शेतकरी तोंडाने सांगतो ते एकर-गुंठ्यात. "दोन एकर वीस गुंठे" असं सांगितलं की तुमचा पोरगा कागदावर २.२० लिहितो. चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे ते अडीच एकर झालं. एकीकडे अडीच एकर, दुसरीकडे २.२० हेक्टर म्हणजे जवळपास साडेपाच एकर, आणि रकान्यात दोघांचं लिखाण एकच.

त्यात एक्सेल २.२० चं २.२ करून ठेवतं. मग दोन एकर दोन गुंठे कोणी २.२ लिहिलं असेल तर तेही त्यातच मिसळलं. शेवटचं शून्य एकदा गेलं की परत येत नाही. ते फक्त कागदावर सापडेल.

ओळखायचं कसं, तर दोन खुणा. टिंबाच्या पुढे ४० किंवा जास्त असेल, जसं १.६५, तर ते गुंठे नव्हेत. गुंठे ३९ च्या पुढे जात नाहीत. आणि दुसरी खूण तुमच्याच फॉर्ममध्ये आहे, खोडांची संख्या. दीड बाय दीड मीटरवर लावली तर हेक्टरी ४,४४४ खोडं बसतात, एकरी साधारण १,८००. क्षेत्र २.२ आणि खोडं ४,००० असतील तर ते अडीच एकरच, एकरी १,६०० पडतात. हेक्टर धरलं तर एकरी सव्वासातशे-साडेसातशे खोडं येतील, तसा बाग आपल्याकडे कोणी लावत नाही. प्रत्येक ओळीत खोडं भागिले क्षेत्र करा, दोन ढीग आपोआप वेगळे पडतील. मधल्यांचे कागद काढा.

जळगावचा_नाना

आबा, नमस्कार घ्या. खोडांची खूण माझ्या डोक्यात आली नव्हती, आजपासून वापरणार. ताई, एकर आणि गुंठे असे दोन वेगळे रकाने करा आणि तिसऱ्या रकान्यात हेक्टर काढा, तो आरला काढू द्या.

नंदुरबारची_मॅडम

मी पदवीला संख्याशास्त्र शिकवते. एसपीएसएसच्या बाजूचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

तुमची रास तिथे विनाएरर आली आणि संख्या घटली, त्याचं कारण आयात करतानाच्या चौकटीत आहे. एक्सेल फाईल उघडताना डेटा प्रकार ठरवण्यासाठी किती टक्के किमती बघायच्या असा एक आकडा असतो, तो मुळात ९५ असतो. रकान्यातल्या ९५ टक्के किमती आकडे असल्या की पूर्ण रकाना आकड्यांचा ठरतो आणि उरलेल्या रिकाम्या होतात. रावेरच्या फाईलमध्ये "२२ किलो"वाले थोडे होते म्हणून ते असे गळाले. तो आकडा १०० केलात तर रकाना मजकूर म्हणून येईल आणि गडबड निदान दिसेल तरी.

चलांची, म्हणजे रकान्यांची, नावं मराठीत ठेवू नका. ६४ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, काना-मात्राही त्यात आल्या. "मागील हंगामातील सरासरी रास" बसणार नाही, शिवाय नावात स्पेस चालत नाही. नाव छोटं, रोमन अक्षरांत ठेवा आणि मराठी वाक्य लेबलमध्ये घाला. लेबल मराठीत उत्तम येतं, तक्त्यांतही तेच छापलं जातं. मृगबाग १, कांदेबाग २ असे कोड आणि त्यांची व्हॅल्यू लेबलं.

"निरंक" आणि आडवी रेघ यांना एकाच टोपलीत टाकू नका. निरंक म्हणजे विक्री झालीच नाही. रेघ म्हणजे उत्तर दिलं नाही. उत्तर नसणाऱ्यांना ९९९ देऊन एसपीएसएसमध्ये तो मिसिंग म्हणून नोंदवा. मात्र ही नोंद फक्त एसएव्ही, म्हणजे एसपीएसएसच्या स्वतःच्या फाईलमध्येच राहते. तीच फाईल एक्सेलमध्ये काढून परत आरमध्ये नेली तर एखाद्या घडाची रास ९९९ किलो निघेल. एसएव्ही थेट हेवन पॅकेजने वाचली तर आर त्या जागी आपोआप एनए ठेवतं.

म्हणून माझं मत असं, की एकदा साफ झालं की एसएव्ही हीच मुख्य फाईल माना. लेबलं, कोड, मिसिंग सगळं एका जागी राहतं. मार्गदर्शकही खूश.

जळगावचा_नाना

मॅडम, ९५ टक्क्यांचं नेमकं सांगितलंत. मुख्य फाईलबद्दल मात्र माझं जमत नाही. माझ्या दृष्टीने मुख्य म्हणजे मूळ एक्सेल आणि तिला साफ करणारी आरची स्क्रिप्ट. एसएव्ही ही त्या स्क्रिप्टमधून निघालेली वस्तू; हेवनच्या राइट-सॅव्हने लेबलांसकट काढता येते, आणि उद्या कागदावर एक गट नंबर चुकीचा सापडला तर स्क्रिप्ट पुन्हा चालवली की झालं. एसपीएसएसमध्ये माउसने केलेल्या दुरुस्त्या महिन्याभराने कोणाला आठवतात?

नंदुरबारची_मॅडम

माउसने करावं असं मी कुठे म्हटलं? सिंटॅक्स खिडकी त्यासाठीच असते. पेस्टचं बटण दाबून प्रत्येक पायरी तिथे ठेवता येते. आमच्याकडची मुलं ते दाबत नाहीत ही गोष्ट वेगळी.

भुसावळ_जंक्शन

मी गुपचूप वाचतोय. माझ्या सीएसव्ही उघडून बघायला हव्यात असं वाटायला लागलंय.

यावलची_ताई

सर्वांचे आभार. आज बसून रावेरची फाईल वेगळी साफ केली, महिना आधी धरून. गावांची यादी हाताने केली. फॉर्म नंबर सालाप्रमाणे वेगळे काढल्यावर बाजारभावाची फाईल जुळली. आबा, खोडं भागिले क्षेत्र केलं, खरंच दोन ढीग पडले. मधले काही उरलेत, त्यांचे कागद बाजूला काढलेत. त्यात एकाने आंतरपीक म्हणून केळी लावलीय, त्याचं खोडांचं गणित बसणारच नाही, त्याला फोन करते.

शेवटचं एक. घरी एसपीएसएस नाही, लॅब पाचला बंद होते. एसएव्ही फाईल घरी बघायला काही आहे का?

नंदुरबारची_मॅडम

पीएसपीपी उतरवून घ्या, फुकट आहे, एसएव्ही उघडतं. मात्र एक्सेलची फाईल थेट घेत नाही. तशी गरज पडलीच तर आधी लिब्रेऑफिसमधून ओडीएस करून द्या. आणि आंतरपीकवाल्याला गाळू नका, त्याच्यासाठी एक वेगळं चल ठेवा.